अकरा रीड बदलल्या, सूर जुळेना

ती क्लॅरिनेटवादक माझ्याकडे आली तेव्हा तिच्याकडे क्लॅरिनेटच्या तीन पेट्या होत्या आणि एका डब्यात अकरा रीड, म्हणजे माउथपीसवर (तोंडात धरायच्या भागावर) बांधायच्या, फुंकीने थरथरणाऱ्या पातळ पट्ट्या. प्रत्येक रीडच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख आणि एकेक शेरा लिहिलेला: ‘कडक’, ‘फुसफुस’, ‘बरी’, ‘वर उतरते’. अशी शिस्त मला आवडते, पण तो डबा बघूनच वाटलं की ही चुकीच्या ठिकाणी खूप मेहनत घेतेय.

“सर, रीडच खराब निघाल्यात की माझे ओठ बिघडलेत?”

प्रकरण असं होतं. गेली सहा वर्षं ती एका साध्या, आधुनिक फ्रेंच पद्धतीच्या बी फ्लॅट क्लॅरिनेटवर वाजवत होती. माउथपीस १.१९५ मिमी टिपचा (टिप म्हणजे माउथपीसचं टोक आणि रीडचं टोक यांच्यामधली फट), रीड अडीच नंबरची. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका ज्येष्ठ वादकाने हात थकल्यावर आपली जुनी क्लॅरिनेट तिला दिली. काळं, जड लाकूड, चाव्या घट्ट, नाव झिजून गेलेलं. आवाज पहिल्या फुंकीलाच भरदार. त्याच सुमारास तिच्या वाद्यवृंदाने तिच्याकडे छोटी ई फ्लॅट क्लॅरिनेटही सोपवली. जुन्या बी फ्लॅटवर तिने आपला रोजचा माउथपीस लावला. तो बसला, वाजला, आणि दहा मिनिटांत बेसूर वाटायला लागला. मधले स्वर चढे, वरचे उतरलेले. महिनाभर ती रीड बदलत राहिली.

एकच माउथपीस सगळीकडे चालतो हा समज तिने हवेतून उचलला नव्हता. वाद्यवृंदातले वादक बी फ्लॅट आणि ए अशा दोन क्लॅरिनेट जवळ बाळगतात आणि रचनेच्या मध्येच रीडसकट माउथपीस काढून दुसरीवर चढवतात. ते चालतं, कारण त्या दोन सख्ख्या बहिणी असतात: एकाच घडणीच्या, जवळजवळ एकाच बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास), फक्त एक अर्ध्या सुराने लांब. ती जुनी क्लॅरिनेट मात्र तिच्या नव्या क्लॅरिनेटची बहीण नव्हती. दिसायला सारखी, घराणं वेगळं.

आता माझी चूक. मी ट्यूनर लावला, गळ्याचे स्वर (जी, ए आणि वरचा बी फ्लॅट, जिथे नळीचा अगदी वरचा तुकडाच वाजतो) वीसेक सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर) चढे दिसले, आणि मी लगेच म्हटलं, “बॅरल लांब घालून बघू.” बॅरल म्हणजे माउथपीस आणि नळी यांच्यामधला छोटा जोड. ६५ मिमीचं काढून ६७ मिमीचं घातलं. गळ्याचे स्वर खाली आले. मी खूश झालो. तिने तार सप्तकात जाऊन वरचा सी वाजवला, आणि तो इतका उतरला होता की दोघांनाही हसू आलं. बॅरल परत बदललं. पुढचा अर्धा तास हेच चाललं: खालचं धरलं की वरचं सुटतं.

तेव्हा जागा झालो. क्लॅरिनेट इतर सुषिर वाद्यांसारखी सप्तकावर उडी घेत नाही. बासरीत फुंक जोरात मारली की षड्जावरून वरच्या षड्जावर जातो. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि रीडच्या टोकाला बंद असल्यामुळे ती दुसरा सहस्वर (मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा) गाळून तिसऱ्यावर उडी घेते. म्हणजे रजिस्टर की (वरच्या स्वरांत नेणारी चावी) दाबली की खालच्या षड्जावरून पुढच्या सप्तकातला पंचम येतो. या अंतराला बारावी म्हणतात. क्लॅरिनेट सुरात आहे की नाही, याची खरी परीक्षा बारावीत होते. सगळे स्वर सारखेच चढे असतील तर बॅरल ओढा, विषय संपला. पण खालचा चढा आणि त्याचाच बारावा उतरलेला असेल, तर लांबी कितीही कमी-जास्त करा, दोघांमधलं अंतर तेवढंच राहणार. ते अंतर नळीच्या आतल्या आकारातून ठरतं, आणि त्या आकाराचा पहिला तुकडा म्हणजे माउथपीस.

जुन्या क्लॅरिनेटच्या पेटीत, कापडाखालच्या कप्प्यात, एक जुना माउथपीस होता. हिरवट तपकिरी पडलेला, दातांचे खड्डे उठलेला. तिने तो एकदा फुंकून बघितला होता आणि किंचाळतो म्हणून ठेवून दिला होता. रंगाचं कारण साधं आहे. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ते उन्हाने आणि गरम पाण्याने असं हिरवं पडतं. (गरम पाण्याने ते वाकूही शकतं, म्हणून माउथपीस नेहमी कोमट किंवा गार पाण्याने धुवावा.) रंग जाणं आणि माउथपीस वाया जाणं या दोन वेगळ्या गोष्टी.

मग आम्ही जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. दोन क्लॅरिनेट, दोन माउथपीस, चारही जोड्या, आणि सगळीकडे एकच रीड. तिच्या अकरांपैकी ‘बरी’ शेरा असलेली. दहा मिनिटं वाद्य तापवायचं, ट्यूनर ४४० वर, आणि तिने काट्याकडे बघायचं नाही, कारण बघितलं की ओठ आपोआप सूर ओढतात. मी लिहून घेत होतो. मुख्य जोडी होती अंगठ्याचा एफ आणि त्याचा बारावा, वरचा सी.

नवी क्लॅरिनेट, तिचा रोजचा माउथपीस: एफ ४ सेंट चढा, सी ५ सेंट चढा. उत्तम.

जुनी क्लॅरिनेट, तिचा रोजचा माउथपीस: एफ २२ चढा, सी ९ उतरलेला. म्हणजे बारावी ३१ सेंटने आक्रसलेली.

जुनी क्लॅरिनेट, जुना माउथपीस: आवाज फाटका, मधेच चित्कार, हवा सुटतेय असं वाटणारा. पण एफ ६ चढा, सी ३ चढा.

नवी क्लॅरिनेट, जुना माउथपीस: एफ १४ उतरलेला, सी ८ चढा. बारावी उलट्या बाजूला फाकलेली.

या चार ओळींत प्रकरण जवळजवळ सुटलं. रीड चारही वेळा तीच, ओठ तेच, खोली तीच. दोष कुठल्याच एका वस्तूच्या मागे जात नव्हता. जोडी बदलली की तो यायचा आणि जायचा. आणि कानाला सगळ्यात वाईट लागणारी तिसरी जोडी सुरात होती. तिथे ती गप्प झाली. “म्हणजे महिनाभर मी हाच माउथपीस बाजूला ठेवून बसले होते?” हो. पण तिला दोष कसा द्यायचा? किंचाळणारा माउथपीस पुन्हा कोण लावून बघतं?

व्हर्नियर कॅलिपर काढला. जुन्या क्लॅरिनेटच्या वरच्या भागात बोअर १५.२ मिमी, सरळ. नवीच्या मध्यावर १४.६ च्या आसपास. अर्ध्या मिलिमीटरच्या वर थोडंसं. पण क्लॅरिनेटच्या जगात हे अंतर फार मोठं आहे. रुंद बोअरची एक जुनी परंपराच आहे. तिचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे बूझी अँड हॉक्सची १०१० ही ब्रिटिश क्लॅरिनेट. जॅक ब्रायमर आणि जर्व्हास द पेयर यांच्यासारखे वादक ती वाजवत. तिचा बोअर साधारण १५.२ मिमी, आणि तिच्यासाठीचा माउथपीस आतून तितक्याच व्यासाचा, सरळ नळीसारखा असावा लागतो. दुसऱ्या टोकाला फ्रेंच परंपरा. बफे क्रॅम्पॉनचं आर१३ हे मॉडेल रॉबेर कारे यांनी १९५५ च्या सुमारास आणलं. आज जगभर जे ‘नेहमीचं’ मानलं जातं ते बरंचसं त्याच वाटेवरचं: अरुंद बोअर, वरच्या भागात वेगवेगळ्या व्यासांचे टप्पे, आणि माउथपीस आतून निमुळता. आज दुकानात ‘क्लॅरिनेटचा माउथपीस’ म्हणून मिळतो तो बहुधा हाच.

खालचं तोंड बघून हे कळत नाही, हीच खरी गोम. फ्रेंच माउथपीसचं खालचं तोंडही पंधरा मिमीच्या जवळपास असतं. फरक आत शिरल्यावर सुरू होतो. आणि टेननवरचा, म्हणजे बॅरलमध्ये शिरणाऱ्या टोकावरचा, कॉर्क सगळ्या लबाड्या झाकतो. जरा जाड-पातळ कॉर्क लावला की कुठलाही माउथपीस कुठल्याही बॅरलमध्ये घट्ट बसतो. घट्ट बसला की आपण समजतो, जुळला.

पण अरुंद माउथपीस रुंद नळीवर लावल्याने एक स्वर चढतो आणि दुसरा उतरतो, असं उलटसुलट का व्हावं? नळीत हवा कंप पावते तेव्हा काही जागी दाब सर्वात जास्त हलतो आणि काही जागी हवा स्वतः सर्वात जास्त हलते. दाबाच्या जागी नळी चिमटली की सूर चढतो, हवेच्या हालचालीच्या जागी चिमटली की उतरतो. रीडचं टोक म्हणजे दाबाची जागा. अंगठ्याचा एफ वाजतो तेव्हा वाजणारी लांबी सुमारे २८ सेंमी असते आणि सगळा माउथपीस दाबाच्या बाजूलाच पडतो, म्हणून अरुंद माउथपीसने एफ चढतो. त्याच बोटांवर रजिस्टर की दाबून सी वाजवला की हवेच्या हालचालीची एक जागा टोकापासून एकतृतीयांश अंतरावर, म्हणजे नऊएक सेंमीवर येते. माउथपीस बॅरलला भेटतो तिथेच. त्यामुळे तोच अरुंदपणा सी ला खाली ओढतो. नळीची लांबी वाढत गेली, म्हणजे सगळी भोकं बंद करून खालच्या ई पर्यंत उतरलात, की ही जागा माउथपीसपासून दूर सरकते आणि परिणाम विरतो. आमच्या नोंदीतही खालचा ई आणि त्याचा बी जवळपास बिनचूक होते. “खाली सगळं ठीक, गळ्याशी गोंधळ” असं ती आल्यापासून म्हणत होती. ती तक्रार शब्दशः बरोबर होती.

यात रीड कुठेच नाही, हे लक्षात घ्या. मऊ रीडने सूर थोडा उतरतो, कडक रीडने थोडा चढतो, पण वरखाली दोन्हीकडे. बारावीचं अंतर रीडने दुरुस्त होत नाही. तरी आधी रीडच बदलली जाते, कारण ती हाताशी असते, डब्यात आणखी नऊ असतात, आणि खरंच दर दोन-तीनातली एक रीड नीट नसते. संशयिताचं रेकॉर्ड खराब असलं की प्रत्येक गुन्हा त्याच्या नावावर जातो.

आता उरला तो फाटका आवाज. जुना माउथपीस आतून बरोबर, मग बाहेरून काय बिघडलं होतं? पहिली तपासणी कुणालाही घरी करता येते. रीड आणि लिगेचर (रीड बांधायचा पट्टा) लावा, माउथपीसचं खालचं तोंड तळव्याने बंद करा, टोकाकडून हवा ओढून घ्या आणि तोंड बाजूला करा. रीड आणि कडा नीट जुळत असतील तर रीड दोन-तीन सेकंद चिकटून राहते आणि मग ‘टक्’ करून सुटते. इथे ती तत्काळ सुटली. रीड बदलून पाहिल्या, सगळ्या तशाच.

मग काचेची मोजपट्टी. माउथपीसचा सपाट भाग अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा आखलेल्या काचेवर ठेवतात आणि काच व कड यांच्यामध्ये ०.०३८ मिमीची पातळ पाती सरकवतात. पाती जिथे अडते तिथून टोकापर्यंत कड रीडपासून दूर वळत जाते. हे वळण म्हणजे फेसिंग, आणि तो आकडा म्हणजे त्याची लांबी. डावीकडे ३८ आला, उजवीकडे ३३. दोन्ही बाजूंत अडीच मिमीचा फरक. टिप १.०० मिमी. म्हणजे वर्षानुवर्षांच्या पुसण्याने, किंवा कुणीतरी हौसेने घासल्याने, एक कड दुसरीपेक्षा आधी रीडला भिडत होती. रीड तिरकी बंद होते, एका बाजूने हवा गळते आणि मधेच किंचाळते. त्यात टिप इतकी बंद की तिच्या मऊ, अडीच नंबरच्या रीडला तिथे हालायला जागाच नव्हती. चुकीची रीड वाकड्या माउथपीसवर. त्याने किंचाळू नये तर काय करावं?

दोन पर्याय होते: रुंद बोअरचा, सरळ नळीचा नवा माउथपीस शोधायचा (तसे अजून बनतात, पण मागवावे लागतात), किंवा हाच दुरुस्त करायचा. मी दुसऱ्याच्या बाजूने होतो. आतली पोकळी सुरात आहे हे आकड्यांनी दिसलं होतं. नवा घ्यायचा म्हणजे पुन्हा सगळं मोजा. फेसिंगचं काम करणाऱ्या कारागिराकडे तो गेला. मी स्वतः घासला नाही, कारण या कामात काढता येतं, घालता येत नाही. म्हणूनच लांब बाजू आखूड करण्याऐवजी त्याने आखूड बाजू लांब केली. परत आला तेव्हा आकडे होते दोन्हीकडे ३८, टिप १.१०. आतल्या छताला, म्हणजे बॅफलला, हात लावायचा नाही असं निक्षून सांगितलं होतं. तिथे खरवडलं की पोकळी बदलते आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर.

रीडची पाळी खरी आता आली. टिप उघडी असेल तर रीडला लांब वाकावं लागतं, म्हणून ती मऊ हवी. टिप बंद आणि फेसिंग लांब असेल तर कडक हवी, नाहीतर ती फुंकीनेच बंद पडते. व्हँडोरेन या फ्रेंच कंपनीच्या तक्त्यात बी४५ या माउथपीसची टिप १.१९५ मिमी, एम३० ची १.१५, ५आरव्ही ची १.०६५ अशी आहे. एका नंबरची रीड या तिन्हींवर तीन वेगळ्या रीडसारखी वाजेल. जर्मन पद्धतीत टिप आणखी बंद असते, रीडही अरुंद आणि दोऱ्याने बांधलेली. तो वेगळाच संसार आहे.

नंबराबद्दल एक गोष्ट तिला पटवायला वेळ लागला. अडीच, तीन, साडेतीन हे जाडीचे आकडे नाहीत. एकाच मापात कापलेल्या रीड वाकवून बघतात आणि किती जोर लागला त्यावरून नंबर देतात. माल तोच, काप तोच, कडकपणा वेगळा. जाडी ठरते ती प्रकारावरून. व्हँडोरेनच्या पारंपरिक रीडची टाच (मागचं जाड टोक) २.८ मिमी, व्ही१२ ची ३.१५, ५६ र्यू लपिकची ३.२५. एका प्रकारातली तीन नंबरची दुसऱ्या प्रकारातल्या तीनसारखी असेलच असं नाही. कंपनी बदलली तर बोलायलाच नको.

आम्ही तिच्या पारंपरिक अडीचवरून सुरुवात केली. बेंगरूळ, गुणगुणल्यासारखा आवाज, तार सप्तकात सूर खाली घसरतोय. तीन: खूप बरं. साडेतीन: वर छान, पण खालच्या मृदू सुरांत फुसफुस. शेवटी जाड टाचेची तीन नंबर ठरली. पहिल्या आठवड्यात तिचे ओठ दुखले. १.१९५ च्या उघड्या टिपवर वाजवणारे चावायला शिकलेले असतात, आणि बंद टिपवर चावलं की दार बंद. मी तिला एवढंच सांगितलं की दातांचं काम फुंकीला दे.

ई फ्लॅटची पेटी मी मुद्दाम शेवटी उघडली, कारण एव्हाना तिला खात्री झाली होती की तिथलाही माउथपीसच चुकीचा. तो बरोबर होता, त्या वाद्याबरोबरचाच. ई फ्लॅटची नळी लहान, बी फ्लॅटपेक्षा अडीच सुरांनी वर वाजणारी, आणि माउथपीसही तिचा स्वतःचा, छोटा. अडचण अशी की छोटं वाद्य म्हणून तिने दोन नंबरची मऊ रीड घेतली होती. छोट्या वाद्यात फुंकीचा दाब उलट जास्त लागतो, मऊ रीड त्याने मिटत जाते आणि अगदी वरचे स्वर उतरतात. नंबर वाढवला आणि सूर जागेवर आले. काही ई फ्लॅट वादक बी फ्लॅटचीच रीड टाचेकडून कापून वापरतात. तिला ते जास्त आवडलं, आवाज जरा भरतो. कापताना टाच, टोक नव्हे. हे सांगायची गरज नसावी, पण मी एकदा उलटं घडलेलं पाहिलंय.

तीन महिन्यांनी तिने पुन्हा मोजून आकडे पाठवले. जुनी क्लॅरिनेट, घासलेला माउथपीस, तीन नंबर: एफ ५ चढा, सी ४ चढा. पेटीत आता प्रत्येक माउथपीसला वेगळ्या रंगाचा दोरा आहे आणि रीडचे डबेही तसेच वेगळे. एका फेसिंगवर रुळलेली रीड दुसऱ्यावर रुसते, हे तिला आपल्याआपणच कळलं. गळ्याचा ए मात्र अजून आठ सेंट चढा राहतो. तो वाजवताना ती उजव्या हाताची बोटं खालच्या भोकांवर टेकवते, म्हणजे चारएक सेंट उतरतात आणि आवाजही जरा गोल होतो. त्या ज्येष्ठ वादकांना तिने हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तो ए माझ्याकडेही तसाच होता, मी तेच करायचो.”